"चूक कबूल केली तर केस होईल ना?"

जळगाव-धुळ्याकडचे डॉक्टर माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकदा हीच धास्ती असते. खरं सांगितलं तर नातेवाईक केस करतील, दवाखाना फोडतील. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

तालुक्याच्या गावी छोटा दवाखाना असलेले एक डॉक्टर आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) झोप उडालेली. एका आजींना १० युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. बाटली १०० ची, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट; सिरिंज मात्र लाल टोपणाची, ४० च्या बाटलीसाठीची. भरलं दहाच्या खुणेपर्यंतच, पण अंगात गेलं अडीचपट. शुगर उतरून आजी बेशुद्ध झाल्या, ग्लुकोज दिल्यावर सावरल्या. घरच्यांना सांगितलं, "वयामुळे होतं असं." मुलगा मात्र रोज विचारायचा, "डॉक्टर, खरं काय शे ते सांगा."

माझ्यासमोर ते माफीचं भाषण घोकायचे. "काही अनपेक्षित गुंतागुंत..."

"थांबा. समजा, मी तो मुलगा. आईला किती इन्सुलिन दिलं?"

"जास्त गेलं."

"किती?"

मी वाट पाहिली. अशा जागी घाई न करणं मला जमतं.

"२५."

हा आकडा त्यांनी बायकोपुढेही उच्चारला नव्हता. आता रडले, आणि मग पहिल्यांदाच आजींबद्दल बोलू लागले. तोवर सगळं बोलणं स्वतःच्या बदनामीचं होतं. तेव्हा मला उमगलं, की माफी त्यांना स्वतःचं ओझं उतरवायला हवी होती. मुलाला आधी आकडा हवा होता. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सच्या वाटेची. पोटात एक, ओठांवर एक असेल तर समोरच्याला ते जाणवतंच, असं मानते.

म्हणून आधी काय घडलं ते साध्या शब्दांत सांगा, मग माफी, मग पुढचे उपचार आणि खर्च कोण करणार ते. ओपीडीच्या गर्दीत नको, बसवून बोला. नर्सवर ढकलू नका. केसपेपरवर खाडाखोड मुळीच नको. मागितल्यावर ७२ तासांत कागद देणं नियमानेच बंधनकारक आहे. वकिलाशी, विमा कंपनीशी आधी जरूर बोला, त्यांच्याआड लपू नका. डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात म्हटलंय. भरपाईचा दावा होऊ शकतो, हे धरूनच चला.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मुलगा खूप बोलला. पुढच्या उपचारांसाठी आईला धुळ्याला घेऊन गेला. जाण्याआधी त्याने विचारलं, "त्या सिरिंजांचं काय केलं?" डॉक्टरांनी खण उघडून दाखवला: बाटल्या फक्त १०० च्या, सिरिंज सगळ्या केशरी टोपणाच्या, त्याही १०० च्याच.