वाचकांचे प्रश्न : व्हीलचेअर आणि कारवारची युद्धनौका

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर वापरतो. नौदलाच्या बोटींचं त्याला फार वेड. दिवाळीच्या सुट्टीत कारवारच्या टागोर किनाऱ्यावर ठेवलेली ‘आयएनएस चपळ’ दाखवायची आहे. त्याचे बाबा म्हणतात, खुर्ची नाही गेली तर कडेवर घेऊन आत फिरवू. जमेल का?
— एक आई, कुडाळ

उत्तर : ताई, त्याला जरूर न्या. कडेवर घेऊन आत फिरवायचा बेत मात्र सोडा. युद्धनौकेच्या दारांना लोखंडी उंबरठे असतात, कधी वीतभर, कधी त्याहून उंच. डेकवरचं पाणी आत शिरू नये म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असतात. वाटा अरुंद असतात आणि शिड्या इतक्या उभ्या, की खलाशीसुद्धा दोन्ही हातांनी धरून उतरतो. मूल कडेवर असलं की तो हातच उरत नाही. शिवाय सेरेब्रल पाल्सीत मूल दचकलं की अंग एकदम ताठ होतं, मान मागे जाते. अशा वेळी डोकं लोखंडावर आपटायला क्षण पुरतो.

ही बोट जमिनीवरून मात्र छान पाहता येते. लांबी सुमारे ३९ मीटर. आधी थोडं लांब थांबून पूर्ण आकार दाखवा, मग एका बाजूने सावकाश पुढे न्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी क्षेपणास्त्रांची चार जाडजूड नळकांडी आणि पुढे-मागे एकेक जुळ्या नळ्यांची ३० मिलिमीटर तोफ, हे त्याला स्वतः शोधू द्या. बाबांनी एकट्याने आत जावं आणि व्हिडिओ कॉल लावावा. कुठे वळायचं, काय जवळून दाखवायचं, हे मुलाने बाहेरून सांगावं.

बोटवेडा मुलगा १९७१ बद्दल विचारणारच. कराचीवर हल्ला केलेल्या निपात, निर्घात आणि वीर याच कुळातल्या, पण आधीच्या. ‘चपळ’ नौदलात आली १९७६ साली. ती त्या युद्धात होती असं त्याला सांगू नका. ही मुलं तारखा विसरत नाहीत.

निघण्याआधी फोन करून मोजके प्रश्न विचारा : गाडी थांबते तिथून बोटीपर्यंत फरशी आहे की वाळू? मध्ये पायऱ्या किती? स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती इंच? ‘व्हीलचेअर चालेल का’ एवढंच विचारलंत तर ‘हो, चालेल’ हेच ऐकायला मिळतं. मुलाच्या खुर्चीची रुंदी चाकांच्या बाहेरच्या कडेपासून मोजून लिहून ठेवा. बॅटरीवरची खुर्ची असेल तर ती घरीच ठेवा, एकेका पायरीला ती उचलायला चार माणसं लागतील.

एखादी पायरी आडवी आली तर फळी टाकायचा मोह होतो. एक फूट उंचीला बारा फूट उतार हवा, म्हणजे अर्ध्या फुटाच्या पायरीलाही सहा फूट. दोन फुटांच्या फळीवर खुर्ची मागे कलंडते. त्यापेक्षा खुर्ची पाठमोरी करा, मागे कलती धरून मोठी चाकं पायरीवर ओढून घ्या. पुढच्या माणसाने सांगाडाच धरावा. हातटेकू किंवा पायटेकू धरू नये, ते निसटून हातात येतात.

ऑक्टोबरचं ऊन असेल, तेव्हा सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. कठड्याला आधी तुमचा हात लावून बघा, तापलेल्या लोखंडावरून मुलाला हात झटकन काढता येईलच असं नाही.

प्रश्न : किनाऱ्यावर खुर्चीची पुढची चाकं वाळूत रुततात. ढकललं तर आणखीच खोल जातात.
— एक वाचक, मालवण

उत्तर : ढकलू नका, ओढा. खुर्ची उलटी फिरवा, थोडी मागे कलती करा म्हणजे पुढची चाकं उचलली जातील, आणि मोठ्या चाकांवर ओढत न्या. पट्टा आधी लावा. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू सगळ्यात सोपी. घरी आल्यावर चाकं गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, चाकांच्या आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे काढा. पाइपने जोरात पाणी मारू नका, त्याने वाळू बेअरिंगमध्ये जाते आणि आठवड्याभरात चाक कुरकुरायला लागतं.