लिओनार्दोचा अर्ज तुम्ही अर्धाच वाचलात

प्रश्न : मुलाला दहावीत 91 टक्के, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड. अकरावी सायन्स आणि जेईईचा क्लास सुरू आहे, पण तो बी.एफ.ए.चा (चित्रकलेच्या पदवीचा) हट्ट धरून बसलाय. मी सांगतो, लिओनार्दो दा विंचीही आधी इंजिनिअर होता. नोकरीच्या अर्जात त्याने पूल-तोफा आधी लिहिल्या, चित्रकला शेवटी. जेईई होईपर्यंत मी रंग कपाटात कुलपात ठेवलेत. माझं चुकतंय का?
– एक वडील

उत्तर : हो, चुकतंय. रंग कुलपात गेले की फिजिक्सचा अभ्यास वाढतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं? ते आजच परत द्या. तुमच्या पत्रात टक्के आहेत, ग्रेड आहे. पण मुलाला गणित आवडतं का, तो हल्ली तुमच्याशी बोलतो का, याबद्दल चकार शब्द नाही. मला काळजी वाटते ती याची. त्याच्या मार्कांची नाही.

आता लिओनार्दो. साधारण 1482 मध्ये मिलानची सत्ता हाती असलेल्या लुदोविको स्फोर्झासाठी लिहिलेल्या त्या अर्जात चित्रकला शेवटी आहे, हे खरं. पण मिलान तेव्हा व्हेनिसशी लढत होतं. लढाईत गुंतलेल्या माणसापुढे चित्रांचं कौतुक आधी कोण सांगेल? अर्जदार तिशीचा होता आणि त्याआधीची कित्येक वर्षं त्याने फ्लॉरेन्सला शिल्पकार-चित्रकार आंद्रेआ देल वेरोक्किओच्या कार्यशाळेत काढली होती. 1472 मध्येच तिथल्या चित्रकारांच्या संघात त्याचं नाव लागलं होतं. विद्यापीठात तो कधी शिकलाच नाही. यंत्रांशी ओळख झाली तीही कलेच्या कार्यशाळेत. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावरचा तांब्याचा भलामोठा गोळा वेरोक्किओने घडवला आणि 1471 मध्ये तो वर चढवला गेला. त्याला जोडाचे डाग कसे दिले होते, याची आठवण लिओनार्दोने उतारवयातल्या वहीत टिपून ठेवली आहे. म्हणजे आधी चित्रकला, मग पूल आणि तोफा. तुम्ही क्रम उलटा लावलात.

(गॅलिलिओचं उदाहरण तर चुकूनही देऊ नका. वडिलांच्या इच्छेखातर 1581 मध्ये तो पिसाला वैद्यक शिकायला गेला आणि 1585 मध्ये पदवी न घेताच बाहेर पडला.)

आता प्रवेश परीक्षा. बी.एफ.ए.साठी राज्याची सीईटी, आयआयटीतल्या बी.डिझाइनसाठी यूसीड, आर्किटेक्चरसाठी नाटा. यूसीडला बारावीची कुठलीही शाखा चालते. माहितीपत्रकं तुम्हाला नेटवर मिळतील.

मुलाने बी.एफ.ए.च करावं, असं मी म्हणत नाही. ए ग्रेडवरून ते ठरत नाही, हौस आणि तयारी यांत अंतर असतं. लिओनार्दोच्या वडिलांचंच पाहा. ते नोटरी होते, चित्रकलेशी संबंध नव्हता. चरित्रकार वाझारी सांगतो, की त्यांनी मुलाची काही चित्रं उचलली, वेरोक्किओकडे नेली आणि याने हे शिकून काही होईल का, असं सरळ विचारलं. तुम्हीही तेच करा. शहरात चित्रकलेवर किंवा डिझाइनवर पोट भरणारा माणूस गाठा आणि मुलाचं वर्षभराचं काम त्याला दाखवा. दोष काढले तर काढू द्या. फक्त मुलाला एकट्याला आत जाऊ द्या, तुम्ही बाहेर थांबा.