बैलाचं डोकं जुनं, शिंगं नवी

प्रश्न : बैलाचं सोन्याचं डोकं लावलेल्या सुमेरी वाद्याचे फोटो बघितले, ऊरच्या राणीच्या कबरीतलं आहे म्हणे. साडेचार हजार वर्षं लाकूड मातीत टिकलं कसं? तारा पण ताणलेल्या दिसतायत, मग हे खरं जुनं आहे का नवीन बनवून ठेवलंय?

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे, कारण लाकूड टिकलंच नाही. ते कधीच कुजून गेलं, पण जाताना मातीत स्वतःच्या आकाराची पोकळी सोडून गेलं, आणि दक्षिण इराकमधल्या ऊरला १९२२ ते १९३४ खोदकाम करणाऱ्या लिओनार्ड वूलींचं खरं कौतुक इथेच आहे, की त्यांनी अशा पोकळ्यांमध्ये पातळ प्लास्टर ओतलं, ते घट्ट झाल्यावर मगच भोवतालची माती काढली, त्यामुळे वाद्याचा आकार तर कळलाच पण वर जडवलेले शिंपल्याचे तुकडे पण जागच्या जागी राहिले. घाईत फावडं मारलं असतं तर हाती नुसते सुटे मणी आले असते.

तुम्ही म्हणताय ते राणी पुआबीच्या कबरीतलं लायर (चौकटीत तारा ताणलेलं वाद्य) ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातलं लाकूड आणि तारा नव्या. बैलाचा सोन्याचा मुखवटा जुना, पण चेपलेला सापडला, तो सरळ करावा लागला. दाढी, केस, डोळे निळ्या लाजवर्दाचे, अस्सल जुने (हा दगड थेट अफगाणिस्तानातून यायचा, विचार करा किती लांब), शिंगं मात्र आत्ताची. आणि गंमत म्हणजे आधी एक हार्प (तारांचंच दुसरं वाद्य) आणि हे लायर मिळून एकच वाद्य समजून जोडलं होतं, ते १९७१-७२ मध्ये सोडवून परत नीट उभं केलं. ऊरचंच दुसरं एक लायर बगदादच्या म्युझियममध्ये आहे, त्या सोनेरी लायरची २००३ च्या लुटालुटीत मोडतोड झाली, सोन्याचं डोकं बँकेच्या तिजोरीत होतं म्हणून वाचलं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते ऊरचंच, अमेरिकेत पेन म्युझियममध्ये असलेलं लायर. त्याच्या डोक्याखाली शिंपल्याची एक उभी पट्टी आहे, तिच्यावर एक गाढव बसून असंच बैलाच्या डोक्याचं लायर वाजवतंय, अस्वल ते पुढून धरून उभंय आणि एक छोटा प्राणी खुळखुळा वाजवतोय. म्हणजे वाद्यावरच वाद्याचं चित्र! लायर केवढं मोठं असायचं, ते कसं धरायचे, हात तारांवर कुठे पडायचा, हे त्या गाढवाकडे बघून कळतं.

हे सगळं बघताना एक मात्र मनातून जात नाही. ज्या खड्ड्याला वूलींनी मृत्यूचा मोठा खड्डा म्हटलं तिथे ७४ माणसं पुरलेली होती, त्यातल्या ६८ बायका, नटूनथटून ओळीने आडव्या, आणि पुआबीच्या कबरीत तर वाजवणारीची हाडं वाद्यावरच पडलेली सापडली.