न वाचलेल्या जुन्या पुस्तकांचा ढीग वार्षिक वाचन-आव्हानाने खरंच कमी होतो का?

तुम्ही लिहिलंय की कपाटात साठ-सत्तर न वाचलेली पुस्तकं आहेत, काही तर दहा वर्षांपूर्वीची. दर जानेवारीत ‘यंदा पन्नास’ असा संकल्प सोडता, आणि डिसेंबरात यादी बघावी तर सगळी त्याच वर्षी घेतलेली नवी पुस्तकं. जुनी होती तिथेच. वाचून हसू आलं, कारण माझी पहिली दोन वर्षं अगदी अशीच गेली.

ढीग कमी होतो, पण आकड्याच्या आव्हानाने नाही. ‘वर्षात इतकी पुस्तकं’ म्हटलं की पुस्तक जुनं का नवं, जाड का बारीक, याच्याशी त्या आकड्याला काही देणंघेणं नसतं. पहिल्या वर्षी मी ५२ धरले होते. मे महिन्यात मागे पडले तेव्हा काय केलं, तर सव्वाशे पानांची पुस्तकं शोधून शोधून आणली. ढीग उपसायला निघालेली बाई ढिगातच भर घालत होती! चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल एक गोष्ट मांडली होती. आज ती साधारण अशी सांगतात: मोजमापालाच ध्येय केलं की ते मोजमाप म्हणून कुचकामी होतं. माझी त्या वर्षीची यादी त्याचा उत्तम पुरावा होती.

जुन्या पुस्तकांसाठी वाचकांनी वेगळी आव्हानं काढलेली आहेत, आणि त्यांचे नियम बघितले की खरी मेख कुठे आहे ते कळतं. एका प्रसिद्ध आव्हानात वर्षाच्या सुरुवातीलाच १२ पुस्तकांची यादी जाहीर करायची असते, जोडीला दोन राखीव. अट एकच: पुस्तक तुमच्याकडे किमान वर्षभर न वाचता पडून असलं पाहिजे. ‘माउंट टीबीआर’ नावाच्या दुसऱ्या एका आव्हानात (टीबीआर म्हणजे ‘वाचायच्या पुस्तकांचा ढीग’) डोंगर चढायचे असतात. १२ पुस्तकं म्हणजे पाइक्स पीक, २४ म्हणजे माँ ब्लाँ, ६० म्हणजे किलिमांजारो, १०० म्हणजे एव्हरेस्ट. तिथेही १ जानेवारीनंतर घरात आलेलं पुस्तक चालत नाही. दोन्हीकडे भर किती वाचायचं यापेक्षा कशातून वाचायचं यावर आहे. कुठल्या पुस्तकांतून निवडायचं ते आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे मध्येच बारीक पुस्तक आणून आकडा फुगवायची सोय राहत नाही.

मी १२ अधिक २ वर स्थिरावले. हिशोब मांडून बघा. सरासरी ३०० पानांची १२ पुस्तकं म्हणजे ३,६०० पानं, दिवसाला जेमतेम दहा. दहा पानं कोणीही वाचू शकतं, आणि मग नव्या पुस्तकांनाही वेळ उरतो. तो उरायलाच हवा, नाहीतर जुनी पुस्तकं म्हणजे शाळेचा गृहपाठ होऊन बसतात. बारा फारच थोडी वाटतील. वाटू द्या.

पण खरा फरक पडला तो मी पुढे केलेल्या एका बदलाने. पूर्ण वाचलेली पुस्तकं मोजणं सोडलं आणि निकाल मोजायला लागले.

म्हणजे असं. यादीतलं पुस्तक वर्षाच्या आत हातात घ्यायचंच, आणि त्याचा काहीतरी निकाल लावायचा. पूर्ण वाचलं, हा एक निकाल. पन्नास पानांनंतर सोडलं आणि घराबाहेर काढलं, हाही निकाल. वाचणार नाही पण संदर्भाला लागतं म्हणून ठेवलं, हासुद्धा निकालच, फक्त तसं स्पष्ट ठरवायचं आणि ते पुस्तक ‘वाचायचंय’च्या रांगेतून उठवून दुसऱ्या फळीवर न्यायचं. काहीच न ठरवता पुस्तक परत जागेवर ठेवणं, एवढीच एक गोष्ट चालत नाही. ढीग साठतो तो ह्याच एका सवयीने.

पन्नास पानांचा नियम माझा नाही, अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा आहे. त्यातली गंमत पुढेच आहे: वय पन्नासच्या वर असेल तर १०० मधून वय वजा करायचं आणि तेवढीच पानं द्यायची. साठीच्या माणसाने ४०, ऐंशीच्या माणसाने २०. जितकी वर्षं हाताशी कमी, तितकं पुस्तकाचं लाड करणं कमी. माझ्या मते कादंबरीला हा नियम अगदी योग्य आहे. वैचारिक पुस्तकाला मी वेगळी परीक्षा लावते: प्रस्तावना आणि मधलं कुठलंही एक प्रकरण. प्रस्तावना बहुतेकांची चांगली असते. पुस्तकाचा दम मधल्या प्रकरणात कळतो. कवितासंग्रहाला पानं मोजायचीच नाहीत, तो उशाशी ठेवायचा आणि वर्षभर पुरवायचा.

आता ‘सोडून द्यायला जीव होत नाही’ हे तुमचं दुसरं वाक्य. मलाही होत नव्हता. मग एकदा यादी करताना प्रत्येक पुस्तकापुढे लिहिलं, हे मी कधी आणि कशासाठी घेतलं होतं. लिहिता लिहिता लक्षात आलं की ते विकत घेणारी बाई आणि आज ते हातात धरून बसलेली बाई, या दोघी वेगळ्या आहेत. एके वर्षी मला आकाशदर्शनाचं वेड होतं. चार पुस्तकं आणली, त्यातली दोन रद्दीतून. एक उघडलं, तीन तशीच. वेड दीड वर्षात उतरलं. पुस्तकं मात्र कपाटातून माझ्याकडे बघत राहिली, आणि मी दर वेळी अपराध्यासारखी नजर चुकवत राहिले. खरं म्हणजे ती वाचण्याचं वचन मी दिलंच नव्हतं. ते तिने दिलं होतं, आणि ती आता इथे राहत नाही. असं म्हटलं की पुस्तक हातावेगळं करणं बरंच सोपं जातं.

पण थांबा, कारण याच चारांपैकी एकाने मला उलटा धडा दिला. १९८८ ची आवृत्ती, पानं पिवळी. ग्रहांच्या तक्त्यात प्लूटोसकट नऊ ग्रह, म्हणजे २००६ च्या आधीचं हे उघडच. टाकूनच द्यायचं होतं, पण पन्नास पानांचा नियम म्हणजे नियम. तर पुढे एका प्रकरणात लेखकाने फार जपून लिहिलं होतं की इतर सूर्यांभोवतीही ग्रह असावेत, पण अजून एकही दिसलेला नाही. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह सापडला १९९५ मध्ये, ५१ पेगासी या ताऱ्याजवळ. आज पाच हजारांहून अधिक माहीत आहेत. ते प्रकरण मी दोनदा वाचलं. तो माणूस बंद दाराशी उभा राहून आत काय असेल याचा अंदाज बांधत होता, आणि मी त्या खोलीतून येऊन त्याचं बोलणं ऐकत होते. घेतल्या घेतल्या वाचलं असतं, तर पहिल्या उत्साहात मी हे वाक्य नुसती माहिती म्हणून ओलांडून गेले असते. तेव्हापासून जुनं झालेलं माहितीपर पुस्तक मी सरसकट टाकत नाही. लेखक अंदाज बांधत असेल तर वाचते, नुसत्या सूचना देत असेल (संगणकाच्या जुन्या प्रणाली, प्रवासाच्या मार्गदर्शिका) तर न उघडता रद्दीत.

यादी कशी निवडावी? बारापैकी निदान चार तुम्हाला आजही मनापासून वाचावीशी वाटणारी हवीत. सगळीच ‘वाचायला हवीत’ या जातीची घेतलीत तर मार्चमध्ये दम तुटतो. भेट म्हणून आलेलं एक घ्या, कारण देणारा माणूस भेटला की तुम्ही विषय बदलता ना? मीही बदलायचे. कोणाकडून वाचायला आणलेलं एखादं असेल तर ते आधी. माझ्याकडे एका मैत्रिणीचं पुस्तक सहा वर्षं होतं. मी ते चार दिवसांत वाचून परत केलं, तेव्हा तिला ते आपलं होतं हेच आठवेना. सगळ्यांत जाड पुस्तक जानेवारीत घेऊ नका आणि डिसेंबरातही नको. आधी दोन निकाल लागू द्या, मग त्याला हात घाला.

पुढचं कोणतं घ्यायचं हे मात्र स्वतः ठरवू नका. मी त्यात आठवडेच्या आठवडे घालवलेत. ‘क्लासिक्स क्लब’ नावाचा अभिजात पुस्तकं वाचणाऱ्यांचा एक गट आहे. तिथे पाच वर्षांत किमान ५० अभिजात पुस्तकं वाचायची असतात. ते मधूनमधून एक खेळ खेळतात: प्रत्येकाने आपल्या यादीतली २० पुस्तकं क्रमांक घालून लिहायची, मग एक आकडा जाहीर होतो आणि ज्याच्या त्याच्या यादीत त्या क्रमांकाला जे असेल ते वाचायचं. मी घरी चिठ्ठ्या टाकते. नको ते पुस्तक निघालं की मनातल्या मनात ‘परत काढू का’ असा विचार येतो. तो आला की समजावं, या पुस्तकाचा निकाल जवळपास लागलेलाच आहे.

डोळ्यांसमोर राहावं म्हणून यादीतली चौदाही पुस्तकं मी फळीवर उलटी उभी करते, कणा आत आणि पानं बाहेर. निकाल लागला की सरळ. घरी येणारे विचारतात, कपाट कोणी असं लावलं? दर वेळी सांगावं लागतं, आणि तोच त्यातला फायदा आहे. या कामात आणखी एक गोष्ट कळली. काही जुन्या पुस्तकांना खरोखरच वेळ उरलेला नसतो. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो, बांधणीचा गोंद सुकतो, कसर लागते ती वेगळीच. माझ्या एका कादंबरीचं साठावं पान उलटताना हातातच आलं. अशी पुस्तकं यादीत वर घ्या आणि तोवर उन्हापासून लांब ठेवा. फोनमधली ई-पुस्तकं पिवळी पडत नाहीत, पण दिसतही नाहीत, त्यामुळे तो ढीग वाढलेला कळतच नाही. चौदात दोन तरी तिथली घेत जा.

नवी खरेदी पूर्ण बंद करू नका. मी एका वर्षी केली होती. साडेतीन महिने टिकली आणि मग एका दुपारी अकरा पुस्तकं घेऊन घरी आले. आता दोन जुन्यांचा निकाल लागला की एक नवं, असा माझा दर आहे, आणि नव्याच्या पहिल्या पानावर तारीख आणि घेण्याचं कारण पेन्सिलीने लिहून ठेवते. ‘शीर्षक आवडलं’ असं लिहायची वेळ आली की पुस्तक पुष्कळदा दुकानातच राहतं.

राहिला अपराधीपणा. जपानीत मेईजी काळापासून (१८६८ ते १९१२) यासाठी शब्दच आहे, त्सुंदोकु: पुस्तकं आणायची आणि वाचायचं सोडून रचून ठेवायची. इतक्या जुन्या काळी, इतक्या लांबच्या लोकांनाही याला नाव द्यावंसं वाटलं, एवढ्यानेच मला बरं वाटतं. इटालियन लेखक उंबेर्तो एको यांच्याकडे तर सुमारे ३०,००० पुस्तकं होती, आणि न वाचलेली पुस्तकंच अधिक मोलाची असं त्यांच्या संग्रहाचा दाखला देऊन लोक सांगतात. मीही हा दाखला बरीच वर्षं वापरला. पण एकोंनी तो संग्रह कामाला लावला होता. माझी पुस्तकं धूळ खात होती. ज्याने त्याने आपलं बघावं.

तुमच्या साठ-सत्तरांचं म्हणाल तर आव्हान सुरू करायच्या आधी एक दुपार काढा आणि सगळी जमिनीवर मांडा. न उघडताच निकाल लागेल अशी त्यात निघतीलच. माझ्या पहिल्या मांडणीत एकोणीस निघाली होती. उरलेल्यांतून चौदा निवडा. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे ७३ होती, आज २६ आहेत. त्यातली एक नऊशे पानांची ऐतिहासिक कादंबरी सलग चौथ्या वर्षी यादीत आहे. पहिली तीन वर्षं तिची चिठ्ठी निघाली की मी माझाच नियम मोडून ती गुपचूप परत टाकायचे. यंदा तिला राखीव दोनांत ठेवलंय.