हायस्कूलच्या अभ्यासक्रमात जागतिक नागरिकत्वासाठी वेगळा विषय लागतो का?

नाही, वेगळा विषय लागत नाही. इतिहास, भूगोल, विज्ञान, भाषा यांच्या अध्ययन निष्पत्तींमध्येच (म्हणजे शिकल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं हे सांगणाऱ्या विधानांमध्येच) ते गुंफता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी 4.7 या लक्ष्यात जागतिक नागरिकत्वाचा उल्लेख आहे. त्याच्या निर्देशकात (प्रगती मोजायच्या निकषात) चार जागा तपासल्या जातात: शैक्षणिक धोरण, अभ्यासक्रम, शिक्षक प्रशिक्षण आणि विद्यार्थ्यांचं मूल्यमापन. स्वतंत्र तासिकेची अट त्यात नाही. युनेस्कोची मांडणी ज्ञान, सामाजिक-भावनिक आणि वर्तन अशा तीन अंगांची आहे, आणि खरी गोम इथेच आहे. ‘कापूस पिकवणारे देश नकाशात दाखवतो’ ही निष्पत्ती फक्त पहिल्या अंगाची. ‘एका टी-शर्टचा शेतापासून दुकानापर्यंतचा प्रवास शोधतो, त्यात कोणाला किती मोबदला मिळतो ते पडताळतो, कमी मोबदला मिळणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो आणि आपली खरेदी त्या माहितीवर ठरवतो’ असं लिहिलं की तिन्ही आली. (‘जागतिक जाणीव निर्माण होते’ असलं मोघम वाक्य मात्र टाळा, ते तपासणार कसं?) एक अडचण आहे: सगळ्या विषयांत विखुरलेलं काम कुणा एकाचं राहत नाही. म्हणून मूल्यमापनात त्याला ठरलेले गुण हवेत, नाहीतर परीक्षा जवळ आली की पहिली काट त्यालाच लागते.