गुडघे झिजलेले असताना व्यायाम केला तर ते आणखी झिजत नाहीत का?

तुमच्या आईंचे वय ६३ आहे, दोन्ही गुडघ्यांत झीज आहे, आणि चार दिवस व्यायाम केल्यावर दुखणे वाढले म्हणून त्यांनी तो सोडला. ‘जे झिजले आहे ते हलवून आणखी कशाला झिजवायचे’ असे त्या म्हणतात, आणि यावर त्यांना काय सांगावे, असे तुम्ही विचारले आहे. मी फिजिओथेरपिस्ट नाही. परळच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा, सहा वर्षांपासून हेच दुखणे असलेला माणूस आहे, आणि आईंची शंका मलाही होती.

‘वंगण संपले’, ‘गादी झिजली’ असे आपण गुडघ्याविषयी बोलतो, जणू तो गिरणीतला साचाच आहे. या शंकेचे मूळ मला त्या बोलण्यात दिसते. साच्याचा भाग जितका चालवावा तितका झिजतो, कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या त्या गादीचे, मात्र तसे नाही. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते, आणि तो द्रव तिच्यात मुरण्यासाठी सांध्यावर भार पडावा आणि उतरावा लागतो. शिवाय दुखते म्हणून पाय वापरला नाही की मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो, मग पाऊल टेकताना जो धक्का त्याने पेलायचा तो थेट सांध्याला बसतो, आणि दुखणे वाढल्यामुळे माणूस आणखी बसून राहतो. गेलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही, हेही आईंना स्पष्ट सांगा. परत येते ती ताकद, आणि तिच्यामुळे दुखणे कमी होते.

मी सुरुवातीला एका क्लिनिकमध्ये दहा दिवस नुसते विजेचे मशीन लावून घेतले. तेवढा वेळ बरे वाटे, घरचा जिना चढेपर्यंत ते संपलेले असे, आणि व्यायाम मात्र कोणी शिकवला नाही. कोणते उपचार द्यावेत याचे मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनात झिजेच्या या संधिवातासाठी अल्ट्रासाउंड, टेन्स (त्वचेवरून सौम्य वीज देणे) यांसारखे विजेचे उपचार देऊ नयेत असे म्हटले आहे, आणि व्यायाम मात्र सर्व रुग्णांना सुचवावा, तसेच आरंभी दुखणे वाढू शकते हे त्यांना आधीच समजावून सांगावे, असे सांगितले आहे. तुमच्या आईंना नेमके हेच कोणी सांगितले नसावे.

पुढे ज्या फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेलो त्यांनी पंच्याची सुरळी करून माझ्या गुडघ्याखाली ठेवली आणि ती खाली दाबायला सांगून दोन बोटे गुडघ्याच्या वर, आतल्या बाजूला टेकवली. उजवा स्नायू चटकन घट्ट झाला. डावा मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा मऊच राहिला. पाच सेकंद दाबून सोडायचे, असे दहा वेळा, यावर माझे तीन आठवडे गेले. त्यानंतर हात न टेकता खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम आला, तोही बैठकीवर दोन उशा ठेवून, आणि जमू लागेल तशी एकेक उशी काढून. खरा फरक जाणवायला मला दोनअडीच महिने लागले.

दुखण्याबाबत त्यांनी दिलेला नियम असा : शून्य ते दहाच्या मापात चार-पाचपर्यंतचे दुखणे चालेल, मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीच्या पातळीवर यायला हवे. तसे न झाल्यास व्यायाम बंद करायचा नाही, आवर्तने निम्मी करायची. आईंनी बहुधा पहिल्याच दिवशी सगळे व्यायाम पूर्ण संख्येने केले असावेत, विचारून पाहा.

जिन्यावर चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. काठी जास्त दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. दादरच्या पुलावर मला निम्म्याहून अधिक माणसे ती चुकीच्या हातात धरलेली दिसतात. वजन जास्त असेल तर तेही पाहावे लागेल, कारण एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

गुडघा एकाएकी सुजून गरम लागू लागला, सोबत ताप आला, किंवा पाय वाकलेल्या स्थितीत अडकून बसू लागला, तर मात्र व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.