घरातल्या घरात कॅमेरा शिकता येईल का?

प्रश्न: मी नागपूरला प्रतापनगरात राहते, वय ५८. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला अन् त्याचा जुना डीएसएलआर घरीच ठेवून गेला, १८-५५ ची लेन्स आहे त्याला. तान्ह्या पोळ्याला मुलीचा मुलगा धोतर-फेटा घालून लाकडी बैल घेऊन बसला होता, संध्याकाळी हॉलमध्ये तीस-चाळीस फोटो काढले अन् एक धड नाही आला, सगळे हलले, वरून पिवळे. फ्लॅश उघडला तर चेहरा पांढराफटक. क्लास लावू, नवी लेन्स घेऊ, का घरीच शिकता येईल?

उत्तर: ताई, घरीच येतं, आणि तुमचा हात खराब आहे हे आधी मनातून काढून टाका. घरातला ट्यूबलाइट आपल्या डोळ्याला भरपूर वाटतो पण कॅमेऱ्याला तो फारच कमी पडतो. तुमची लेन्स ५५ वर झूम केली की तिचं तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं), अशात आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची ताकद, ४०० असेल तर शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, साधारण १/५ सेकंद उघडं राहतं, तेवढ्यात पोरगं दोनदा मान हलवतं. झूम न करता १८ वर आणलं तर तीच लेन्स एफ ३.५ पर्यंत उघडते, आयएसओ ३२०० करा, शटर १/१०० च्या आसपास मिळेल. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू द्या, दाणेदार फोटो अल्बममध्ये लागतो, हललेला नाही लागत. फक्त १८ वर असताना पोराच्या तोंडाशी जाऊ नका, नाक मोठं येतं, चार-पाच फूट लांब राहा. आणि जुना चोकवाला ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतो म्हणून त्याच्याखाली शटर १/१०० पेक्षा फास्ट नेलं की एक फोटो उजळ एक काळपट असं होतं.

पिवळेपणाचं कारण बहुतेक शोकेसमधला नाहीतर देवघरातला पिवळा बल्ब. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की कॅमेरा गोंधळतो, एकच चालू ठेवा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड कुठल्या रंगाचा ते कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग, त्याचाच लावा.

आता शिकायचं कसं, तर एक संत्रं घ्या. खरंच सांगतो, संत्र्याइतका चांगला मास्तर नाही, त्याची साल खरबरीत असते त्यामुळे उजेड कुठून पडला ते लगेच कळतं आणि ते हलत नाही. सकाळी खिडकीजवळ खुर्चीवर ठेवा, घरातले सगळे लाइट बंद. खिडकीत कूलर बसवलेला असेल तर गॅलरीचं दार चालेल. डायल ए वर, कॅननचा असेल तर एव्ही वर (यात एफ तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ ४०० वर ठेवून द्या, त्याला हात लावायचा नाही. मग एफ ५.६, एफ ८, एफ ११, एफ १६ असे चार फोटो काढा आणि दरवेळी शटरचा आकडा वहीत लिहा, एकेक पायरी चढली की शटरचा वेळ दुप्पट होतो हे तुमचं तुम्हालाच दिसेल. पुस्तकात वाचून हे माझ्या डोक्यात कधी बसलं नव्हतं, वहीत लिहिल्यावर बसलं. मग संत्रं खिडकीपासून सहा फूट आत सरकवा, परत तेच. मग अंधारी बाजूला पांढरी उशीची खोळ धरा, सावली कशी उजळते बघा. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र पाळा.

आठवड्याभरानं अंगणातली पांढरी रांगोळी जवळून काढा, पूर्ण फ्रेम भरून. ती राखाडी येईल, कारण कॅमेरा समोरचं सगळं मधल्या राखाडीत आणायला बघतो. प्लस-मायनसचं बटण दाबून प्लस १ करा, पांढरी होईल. काळा बैल असला तर उलटं, मायनस १.

क्लास नंतर लावा, तेव्हा प्रश्न तरी तुमचे स्वतःचे असतील. लेन्सचं म्हणाल तर झूम न होणारी ५० एमएम एफ १.८ लेन्स तुमची आत्ताची लेन्स ५० वर झूम केल्यावर घेते त्याच्या जवळपास दहापट उजेड घेते, घ्यायसारखीच आहे, पण दोन महिने थांबा, कारण छोट्या हॉलमध्ये ती इतकी जवळ दाखवते की पाठ भिंतीला टेकते. आधी झूम ५० वर ठेवून आठ दिवस घरात फिरा, जमतं का ते कळेल.

आणि पुढच्या तान्ह्या पोळ्याला दिवे लागायची वाट बघू नका. चार-साडेचारला नातवाला बैल घेऊन समोरच्या दारात उंबऱ्यावर बसवा, तोंड बाहेर, थेट ऊन अंगावर नको, तुम्ही बाहेर अंगणात त्याच्या उंचीला खाली बसा, फ्लॅश बंद, फोकस डोळ्यावर. बॅटरी आदल्या रात्रीच चार्जिंगला लावा, जुनी बॅटरी ऐनवेळी बसते.